बुक्क्याची परीक्षा

कोरोनाच्या तिसऱ्या लाटेच्या जानेवारीत आमच्या डोंगरकडा गावी मारुतीच्या पारावर सोनाजी महाराजांचं कीर्तन ठरलं. मागं टाळ धरायला बारा लेकरं निवडायचं काम देवळाचे पुजारी दत्तोपंतांकडे आलं. कीर्तनाचं वेड त्यांनाही माझ्याएवढंच. त्यांची नात देवश्री नऊ वर्षांची. थंडीत तिला दम्याची धाप लागायची, पण टाळ असा धरायची की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. महाराजांच्या अगदी मागं आपली नात उभी राहावी, याशिवाय पंतांच्या तोंडी महिनाभर दुसरा विषय नव्हता.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी त्यांनी लेकरांना रांगेत उभं केलं. कोरोनात वास जातो आणि शिंकाही येतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मग तपासणी त्यांनी स्वतःच काढली. बुक्क्याच्या वाटीत बोट बुडवलं आणि पहिल्या पोराच्या नाकाखाली धरलं.

"ओढ श्वास. जोरात! आला वास?"

"आ... आ... आक्छी!"

"शिंकला! घरी जा. पुढचा!"

पुढच्यानं तीन शिंका दिल्या. त्याच्या मागची पाचदा शिंकली आणि वर पंतांच्या उपरण्याला नाक पुसून गेली. अशी अकरा लेकरं काळ्या मिशा घेऊन बाद झाली.

"कडक तपासणी आहे आपली," पंत मला म्हणाले.

शेवटी देवश्री. तिनं श्वास ओढला. पुन्हा ओढला. नुसतीच उभी.

"बघितलंत? एक शिंक नाही! पांडुरंगाची कृपा!" पंतांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

तेवढ्यात तांड्यावरची आशा सेविका शिला घरभेटी करत तिथं पोचली.

"काका, हे काय करून राहिले तुमी? लेकरांना मिशा काहून काढल्या?"

पंतांनी अभिमानानं सगळं सांगितलं. शिलानं कपाळाला हात लावला.

"बुक्का नाकात गेल्यावर लेकरू शिंकणार न्हाई तर काय आरती म्हणणार? अन् एकच बोट बारा नाकांना! आता सगळ्यांवरच ध्यान ठेवावं लागतंय." मग ती देवश्रीकडे वळली. "बाई, तुला वास कशाचा आला गं?"

"कशाचाच नाही. कालचा लाडूपण मातीसारखा लागला."

"घसा?"

"दुखतोय."

"संडासला?"

देवश्री लाजली. "चारदा. आजोबा म्हणाले, कीर्तनाची धास्ती."

पंत खाली बसले.

"ताप न्हाई, खोकला न्हाई, म्हणून लेकरू बरं असं न्हाई, काका. कुणाचं पोटावर जातं, कुणी नुसतं मलूल पडतं. बहुतेक लेकरं घरीच बरी होतात. पण हिला दमा हाय, हिच्यावर डोळा ठेवायचा. चला दवाखान्यात."

तपासणीत कोरोना निघाला. डॉक्टरांनी औषधं देऊन घरी पाठवलं आणि महाराजांनी कीर्तन पंधरा दिवस पुढं नेलं. शिलानं पंतांना बजावलं, "पोरगी शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. तीसच्या वर गेले, बरगड्या आत ओढल्या, ओठ निळे पडले, पाणी प्यायचं सोडलं, तर मला इचारत बसू नका. थेट दवाखाना."

संध्याकाळी पंतांचा फोन गेला, "शिला! चौसष्ट!"

शिला गाडी पळवत आली. देवश्री खाटेवर बसून चित्रं रंगवत होती.

"मोजून दाखवा बरं, काका."

पंतांनी घड्याळ धरलं. "एक, दोन, तीन, चार..." आणि त्यांचा पाय ठेक्यात आपटू लागला. पोरीची छाती एकदा हलली तोवर पंतांचे तीन ठोके पडून गेले होते.

"काका, हे लेकराचे श्वास न्हाईत, तुमचं भजन हाय!" शिलानं स्वतः मोजले. बावीस. सून सुनीतीनं सासऱ्यांच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं.

आठवड्याभरात पोरगी खडखडीत बरी झाली. पण तोवर पंत मास्क लावून दारातल्या खुर्चीवरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच वैतागली.

"आजोबा, असे बघत बसलात की मला श्वास घ्यायची लाज वाटते."

"मग हळूच घे," पंत म्हणाले, "पण घे गं बाई."