उंदीरताईचा ॲप्रन

तिला सगळे उंदीरताई म्हणायचे आणि त्याचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं: इतकी वर्षं उंदरांत घालवूनही ती कंत्राटावरच होती. आता कुठे एक कायम जागा निघाली होती आणि तिचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

तिचं काम असं. कुठल्या तरी शेडमध्ये बसलेले दीडशहाणे बंदी असलेल्या नशेच्या पावडरीत इकडचं तिकडे करत आणि नवीच पावडर बाजारात आणत. तिच्यावर बंदी घालायची तर ती डोक्यावर काय परिणाम करते हे आधी सिद्ध करावं लागे, आणि ते करायचं उंदरांनी. अर्ध्यांना पावडरीचं इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलंय ते फक्त साहेबांना ठाऊक. उंदीरताईने एकेकाला मोठ्या उघड्या खोक्यात सोडायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. घाबरलेला उंदीर भिंत धरून राहतो, निर्धास्त असतो तो मधोमध फिरतो.

या खेपेला अर्धे उंदीर भिंतीला चिकटून थिजले. बाकीचे खोक्यात जावयासारखे हिंडले. एकाने तर तिच्या बाहीवर चढून निवांत मिशा साफ केल्या.

"थिजलेत ते नशेत," तिने ठोकून दिलं.

साहेबांनी खुणा जुळवल्या आणि ते खुर्चीतून उठलेच. "अहो ताई, उलटं आहे! थिजलेत ते मिठाच्या पाण्यावाले. पावडरवाले मजेत. ही कसली नशा, हे तर भीती घालवणारं औषध!"

पोलिसांना हवी होती बंदी. साहेबांना दिसायला लागला सत्काराचा हार.

"तुमची जागा पक्की समजा," ते म्हणाले.

उंदीरताई तरंगतच घरी आली. प्रयोगशाळेचा धोबी बटणं तोडतो, म्हणून ॲप्रन ती घरीच धुवायची. खोलीत पाहते तो उद्यासाठी इस्त्री केलेल्या ॲप्रनवर आगाऊ, म्हणजे घरची मांजरी, पसरून झोपलेली.

"सासूबाई, ही रोज इथेच झोपते?"

"मग? तुझ्या इस्त्रीची ऊब काय वाया घालवायची?"

उंदीरताईने तिच्याखालून ॲप्रन ओढला आणि हुंगून बघितला. बिचारे मिठाच्या पाण्यावाले शुद्धीवर होते. त्यांना मांजराचा वास येत होता आणि त्यांनी शहाण्या उंदराने करावं तेच केलं होतं. गप्प बसावं, तर जागा पक्की. पण उद्या हीच पावडर कुणी भित्र्या माणसाला दिली आणि तो भर रस्त्यात गाडीसमोर मिशा साफ करत बसला तर? तिला जेवण गेलं नाही. सकाळी तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

साहेबांनी तिला कोरा ॲप्रन घालून प्रयोग पुन्हा करायला लावला. सगळेच उंदीर मधोमध हिंडले. साहेबांचा हार कोमेजला. मग ते एकदम म्हणाले, "मांजर घेऊन या."

मांजर आणलं की निकाल यायचा, नेलं की जायचा. पण बाहेरच्या कुणालाही उंदीरघरात सोडायचं नाही, असा नियम होता. आत फक्त ओळखपत्रवाले, आणि नवं ओळखपत्र निघायचं ते कायम जागेवरच. साहेबांनी वरिष्ठांशी फोनवर बोलून घेतलं आणि उंदीरताईला केबिनमध्ये बोलावलं. आगाऊ टेबलाच्या मधोमध लोळत होती, गळ्यात फोटोचं ओळखपत्र.

"जागा एकच होती," साहेब म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. उंदीर बघणारे ढिगाने मिळतात. असं मांजर मिळत नाही. तुम्ही तिला रोज वेळेवर आणून सोडा. कंत्राट वाढवून देतो."

"बरं साहेब," ती सवयीने म्हणाली.

आणि तिच्या लक्षात आलं की आपली पाठ भिंतीला टेकलेली आहे. आत आल्यापासून आपण भिंत धरूनच उभ्या आहोत. केबिनमध्येच नाही, इतकी सगळी वर्षं. तिला स्वतःचा असा संताप आला की कान तापले.

पोटात कुठलीही पावडर नसताना तिने भिंत सोडली. सरळ मधे आली, फायली बाजूला सारल्या आणि आगाऊच्या शेजारी टेबलावर मांडी घालून बसली.

"मांजर माझं आहे," ती म्हणाली. "दोघी कायम, नाहीतर दोघी घरी."

आगाऊने जांभई दिली. साहेब खुर्चीसकट हळूहळू मागे सरकत गेले, थेट भिंतीला टेकेपर्यंत.