तिसरा जॉब

पूनमनं मोजमापाच्या डायलचा काटा पुन्हा शून्यावर आणला आणि जॉब ग्रॅनाइटच्या पाटावरून हळूच पुढं सरकवला. एका टोकाला काटा शून्यावर होता. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तो चाळीसवर गेला, आधीच्या दोन वेळांसारखाच.

"चाळीस मायक्रॉन," ती म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं. तपासणीच्या त्या छोट्या खोलीत ती होती, कारखान्याचे मालक अमृतसाहेब होते, आणि दाराशी खिशात हात घालून ज्ञानबा उभे होते. एसी चालू असूनही साहेबांच्या मानेवर घाम आला होता.

चाळीस मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाची जेमतेम अर्धी जाडी. साखर कारखान्याचा सुटा भाग असता तर एवढ्या फरकाकडं कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण हा तळहाताहून थोडा मोठा, पातळ भिंतींचा ॲल्युमिनियमचा तुकडा विमानाच्या पंखाच्या आत बसायचा होता, आणि तिथं विसाच्या वर एक मायक्रॉनही चालत नव्हता. बंगळूरच्या कंपनीनं नमुन्याचे तीन जॉब मागितले होते. दोन काल उत्तम झाले. आज दुपारी तीनला कंपनीच्या वैजयंती मॅडम ते बघायला इथं चिंचोळीत येणार होत्या, आणि आता साडेदहा वाजले होते.

"प्रोग्रॅममध्येच काहीतरी आहे," साहेब म्हणाले.

"सर, कालचे दोन याच प्रोग्रॅमवर झालेत."

"मग आज काय झालं?"

"तेच शोधतेय."

"शोध. साडेअकरापर्यंत शोध. नाहीतर मी पुण्याच्या त्या माणसाला बोलावतो. मॅडमना निदान सांगता तरी येईल, की मशीनवर आता अनुभवी माणूस बसवलाय."

साहेब चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले, म्हणून पूनमनं मान खाली घातली. पुण्याचा माणूस एकदा मशीनसमोर उभा राहिला की तिला पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जॉबच्या कडा घासायच्या होत्या. नऊ महिने ती त्या मशीनसाठी झिजली होती. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी डिप्लोमा करून इथं आली, आणि मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं डब्यातली भाकरी खाता खाता वाचून काढली. हे सगळं ज्ञानबांनी जवळून पाहिलं होतं.

आणि तिसरा जॉब कशानं बिघडला, हेही त्या खोलीत फक्त ज्ञानबांनाच ठाऊक होतं. ते त्यांच्या खिशात होतं.

ज्ञानबा बाहेर आले. समोर मशीन उभं होतं. पाच अक्षांचं असलं तरी आकारानं लहानखुरं, देवघरासारखं बंद. त्याच जागेवर पूर्वी ज्ञानबांचं मिलिंग मशीन होतं. साहेबांचे वडील आप्पा यांनी ते घेतलं तेव्हापासून एकतीस वर्षं ज्ञानबांनी ते चालवलं, आणि एका सकाळी ते भंगाराच्या टेम्पोत चढलं. नव्या मशीनचं टेबल धान्य पाखडताना सूप कलतं तसं कलायचं, वर गोलही फिरायचं. एकदा पकडलेल्या जॉबच्या पाच बाजू ते एका दमात करून द्यायचं. सहावी, तळाची बाजू करायची तर जॉब उलटा करून चार पोलादी बैठकांवर ठेवावा लागे. त्या चार बैठका पुसायच्या, हे ज्ञानबांचं काम. एवढंच काम. पहिले काही महिने त्यांना त्याचा राग होता. पण पोरगी प्रत्येक वेळी "मामा, पुसता का?" असं विचारायची, हुकूम सोडायची नाही. राग किती दिवस टिकणार!

मशीन आलं त्या दसऱ्याला नारळ त्याच्या पुढ्यात जमिनीवर फुटला. ज्ञानबांनी खिशातून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली, तेव्हा पूनमनं हात जोडले होते.

"मामा, बाहेरनं काय लावायचं ते लावा. दाराच्या आत काही नको."

"बरं," असं ते म्हणाले होते, आणि नऊ महिने शब्द पाळला होता.

पण काल दोन जॉब लागोपाठ चांगले झाले आणि ज्ञानबांच्या जिवाला घोर लागला. तीन तिगाडा काम बिगाडा, हे त्यांनी आईकडून ऐकलं होतं, उस्तादाकडून ऐकलं होतं. आता तिसरा म्हटल्यावर त्याला दृष्ट लागणारच. जुन्या मशीनवर असा अवघड जॉब असला की ते तो बसतो तिथंच चिमूटभर भंडारा टाकत, आणि एकतीस वर्षांत त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आज सकाळी पूनम पाठमोरी असताना त्यांनी चारही बैठका लख्ख पुसल्या, एका कोपऱ्यातल्या बैठकीवर चिमूट सोडली आणि जॉब ठेवायला तिला हाक मारली. पोरीचं भलं व्हावं, एवढंच मनात होतं.

जॉब उतरवताना बैठकीवर पिवळा थर दाबून बसलेला दिसला. हातानं तो चिंधीनं आपसूक पुसला. हाताला पुसायचीच सवय होती. डायलचा काटा हलला तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की त्या थरानं जॉबचं एक टोक उचललं होतं.

सांगावं तर मशीनजवळून कायमची हकालपट्टी. त्याहून वाईट म्हणजे बिरोबाच्या भंडाऱ्यानं काम नासलं, हे आपल्याच तोंडानं म्हणायचं. न सांगावं तर?

पूनम टॉर्च घेऊन आली. तिनं मशीनचं दार सरकवलं आणि वाकून एकेक बैठक बघू लागली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मामा, सकाळी बैठका पुसल्या होत्या ना?"

"पुसल्या व्हत्या."

"नीट?"

"नीट पुसल्या. पर..."

ज्ञानबांनी खिशातली चिंधी काढून तिच्यापुढं उलगडली. मधोमध पिवळा डाग होता. पूनमनं तो बोटानं चोळला, नाकाशी नेला. हळदीला कुलंटच्या तेलकट पाण्याचा वास लागला होता.

"भंडारा?"

"व्हय."

"कुटं लावला?" घरची बोली तिच्या तोंडून इथं सहसा निघत नसे.

"त्या कडंच्या बैठकीवर. चिमूटभरच. तिसरा जॉब व्हता की. म्हनलं, कुनाची नजर नको."

"आणि कालच्या दोघांना?"

"त्यास्नी न्हाय लावला."

"म्हणजे ते देवाशिवायच पास झाले."

"देवाला मधी आनू नको पोरी. चूक माजी हाय. भंडाऱ्याची न्हाय."

पूनमनं टॉर्च बंद केली. तिचा आवाज फाटला होता.

"भंडाऱ्याचं काय नाय मामा. पण मगापासनं मी माझीच चूक हुडकतेय. तीनदा मोजलं, सगळा प्रोग्रॅम पुन्हा वाचला. आणि तुम्ही दाराशी उभं राहून बघत होता."

"व्हय," ज्ञानबा म्हणाले. "बघत व्हतो. भ्यालो."

एवढा म्हातारा माणूस इतक्या सरळ शब्दांत भ्यालो म्हणतो, हे पूनमनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं चिंधीची घडी घातली.

"राहू द्या. मी सांगते, बैठका तपासायच्या राहिल्या म्हणून. खोटं नाही ते. जॉब ठेवायच्या आधी मी बोट फिरवायला हवं होतं."

पण तिचं बोलणं संपेपर्यंत ज्ञानबा साहेबांच्या केबिनच्या वाटेला लागले होते.

साहेबांच्या हातात फोन होता. ज्ञानबांनी तो खाली ठेवायची वाट पाहिली नाही. उभ्यानं सगळं सांगून टाकलं आणि घामेजलेले हात पँटीला पुसले.

"मामा!" साहेब खुर्चीतून उठले. "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला! ते काय उसाच्या चरकाचं चाक आहे का? आप्पा असते ना, तर..." आप्पा स्वतः जुन्या मशीनला दर रविवारी कुंकू लावत असत.

साहेब खाली बसले. फोनकडं बघितलं आणि तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे."

"बराबर हाय. पोरीचं सगळं बराबर हाय."

"चौथा कोरा ब्लँक लावा. अडीच तासांत होईल. पण बिघडलेला लपवता येणार नाही. या कामात एकेका तुकड्याचा हिशेब द्यावा लागतो. मॅडम आधी त्याचाच कागद मागतील. काय झालं, कुणाकडून झालं, परत होऊ नये म्हणून काय केलं." त्यांनी एक छापील फॉर्म पुढं ओढला आणि लिहायला लागले. मध्येच थांबले. "भंडारा इंग्रजीत काय लिहू? हळदच लिहितो."

"कुणाकडून झालं, तिथं माझं नाव लिहा," पूनम दारातून म्हणाली.

"गप बस," ज्ञानबा म्हणाले, आणि साहेबांपुढं हात केला. "पेन द्या."

हजेरीची वही सोडली तर कारखान्यातल्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या हातचे हजारो तुकडे कुठल्या कुठल्या कारखान्यांत फिरत असतील, पण ते कुणी केले, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. नाव लागलं ते बिघडलेल्या जॉबला. त्यांनी सावकाश लिहिलं, ज्ञानबा येडू कोळेकर, आणि पत्र्यावर आखणी करावी तशी वरची रेघ एका दमात सरळ ओढली.

साहेब त्या रेघेकडं बघत राहिले. मग त्यांनी जॉबबरोबर फिरणारं कार्ड घेतलं आणि त्यावर पेनानं एक नवी ओळ आखली.

"बैठका पुसल्या, नाव, सही. आजपासून प्रत्येक जॉबला तुमची सही लागेल मामा. त्याशिवाय मशीन सुरू होणार नाही."

ज्ञानबांना आधी नीट कळलं नाही. "मंजी... मी मशीनवरच ऱ्हाऊ?"

"मग सही काय घरनं पाठवणार?"

पूनम हसली नाही. ती अजून रागावलेली होती, आणि ज्ञानबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथा ब्लँक मशीनला लागला. पाच बाजू होईपर्यंत दोघं काचेपाशी उभे राहिले. मग तिनं मामांना साबणानं हात धुवायला लावले, ते सुकल्यावर पुन्हा धुवायला लावले. त्यांनी नव्या चिंधीनं चारही बैठका पुसल्या. तिनं प्रत्येकीवर बोट फिरवलं. त्यांनी कार्डावर सही केली.

जॉब उलटा ठेवून झाला. आता फक्त बटण दाबायचं होतं. पूनमचा हात बटणापर्यंत गेला आणि मागं आला.

"मामा, पुडी कुटं हाय?"

"बाहीर, लॉकरात ठिवली. आता न्हाय लावत पोरी, बिरोबाची आन."

"चला."

लॉकर बाहेर, नळाजवळ होते. ज्ञानबांनी पुडी काढली आणि तिच्या पुढ्यात धरली. त्यांना वाटलं, ही आता ती फेकून देणार. पूनमनं डोक्यावरची कामाची टोपी काढली आणि मान खाली केली.

"जॉबला न्हाय. मला लावा."

ज्ञानबांनी चिमूट घेतली. भंडारा तिच्या कपाळावर जरा वाकडाच लागला. त्यांनी तो सरळ केला नाही. पूनमनं टोपी पुन्हा चढवली, भुवयांपर्यंत घट्ट खाली ओढली, आणि एकही कण निसटू नये म्हणून तिच्या कडेवरून चहूबाजूंनी बोट फिरवलं.

मग नळाखाली दोन्ही हात धुऊन ती मशीनकडं गेली.