टाकीकडून आलेली पौर्णिमा

"बुद्धपौर्णिमेचा चंद्र मूर्तीच्या पाठीमागूनच वर येईल, बघाच तुमी!" विहाराच्या बैठकीत अर्पितानं ठणकावून सांगितलं, आणि दहावीतल्या पोरीवर पहिल्यांदाच मांडवाचं काम पडलं. हिवाळ्यातल्या पौर्णिमेला तिनं स्वतः पाहिलं होतं ना, चंद्र बरोब्बर ताडाच्या जोडीतून उगवतो! मग काय, मूर्तीचं टेबल त्या बाजूला, मागचा पडदा तिथंच उघडा, सगळ्या सतरंज्या तिकडं तोंड करून.

आज पौर्णिमेला सूर्य टेकायला आला. चंद्र दिसला की बुद्धवंदना, मग खीर. ताडांमध्ये मात्र कोरं आकाश!

"काऊन गं अर्पे, तुहा चंद्र सुट्टीवर हाये काय?" मोठा भाऊ संघपाल खिदळला.

"पोरीच्या हाती देल्लं की असंच होते," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बैठकीत तिच्यासाठी शब्द टाकणारे बाबा, उटनूरच्या हापिसातले क्लार्क बाबाराव, खाली मान घालून बसले. अर्पिताला तेच जास्त लागलं.

ती मांडवाबाहेर पळाली. पाठीवर तांबडं ऊन, पुढं तिची लांबच लांब सावली. पण ताडांकडं नाही, पार उजवीकडं, पाण्याच्या टाकीकडं! अर्पिता थबकली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो, हे वर्गात तिनंच घडाघडा म्हणून दाखवलं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं मावळायचा, म्हणून चंद्र उत्तरेकडच्या ताडांत. आता उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकलाय, मग चंद्र...

"दादा, टाकीकडचा पडदा उघड! बाबा, टेबल उचला!"

"आता? लोकं हसून राह्यले ना!" संघपाल म्हणाला.

"हसू दे! माही सावली कुठं पडली ते पाह्य!"

बाबांनी सावलीकडं पाहिलं, मग टेबलाचं एक टोक धरलं. कुरकुरत लोकांनी सतरंज्या फिरवल्या.

"एवढी उठबस केली, मले दोन वाट्या खीर लागीन," पहिल्या रांगेतल्या बयनाबाई आजीनं बजावलं.

सूर्य बुडाला. धुरकट आभाळ तसंच.

"आला! आला वो!" बयनाबाईच आधी ओरडली.

टाकीच्या खांबांमधून, कलिंगडाच्या फोडीसारखा गुलाबी चंद्र मूर्तीच्या खांद्यामागून वर येत होता.

बाबांची मान ताठ झाली. "पुढच्या साली टेबल पयलेच तिकडं ठेवजो, बेटा," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुढच्या साली! अर्पिताला इतकं हसू फुटलं, की वंदनेला उभं राहताना ओढणी तोंडात कोंबावी लागली.