पाच वर्षांखालील मोफत

बॉम्ब कुठे टाकायचा हे आमचं खातं ठरवत नाही. आम्ही फक्त माणसं मोजतो. इमारतीत पंधराच्या वर सामान्य नागरिक निघाले तर मोठ्या साहेबांच्या सहीने ती वाचते; पंधरा किंवा कमी असले तर शेरा पडतो, ‘खेदजनक’. हा नियम माणुसकीचा आहे असं आमचे साहेब प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि सांगताना चष्माही पुसतात.

मोजायचा तक्ता मात्र घाईघाईत बस खात्याकडून उचललेला. बारा वर्षांखालचं मूल अर्धं, पाचाखालचं मोफत.

एक्केचाळीस नंबरच्या इमारतीचा विमानातून काढलेला फोटो माझ्या टेबलावर आला. छतावर शत्रूचा अँटेना, खालच्या गॅलरीत वाळत घातलेले लंगोट. लंगोट ओळखायला मला भिंग लागत नाही. घरी माझं पिल्लू आठ महिन्यांचं आहे. खबऱ्याने आकडाही कळवला होता. पाळणाघर, बाळं एकतीस, सांभाळणाऱ्या चौघी, दुपारी सगळ्यांची झोप.

“म्हणजे एकूण चार,” साहेब म्हणाले.

“साहेब, एकतीस बाळं आहेत हो!”

“अहो बाई, मी काय राक्षस आहे? मलाही नातवंडं आहेत. पण तक्ता बदलायला समिती नेमावी लागते.”

मग मीच त्या एकतीस जणांना एका दुपारीत वाढवलं. कागदावर ‘पाळणाघर’ खोडलं; प्रत्येकाचं वय तिशीच्या आसपास, धंदा किरकोळ. एकूण पस्तीस.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. “पस्तीस धडधाकट माणसं दिवसभर एका खोलीत? आणि दुपारी सगळी एकदम झोपतात? हे तर शत्रूचं मुख्यालय! उद्याच उडवा.”

मला खरं सांगावंच लागलं. “ती बाळं आहेत साहेब. वयं मी खोटी लिहिली.”

एकतीस बाळांनी न हललेला माणूस खोट्या नोंदीने थरथरायला लागला. “सरकारी तक्त्यात खोटं? जनाची नाही, मनाची तरी? चौकशी लावतो!”

फाइल पुरावा म्हणून लाखबंद झाली. चौकशी संपेपर्यंत एक्केचाळीस नंबरला हात लावायचा नाही, असा नियमच आहे. माझी नोकरी बहुधा गेलीच.

रोज सकाळी पिल्लाला कडेवर घेऊन मी जबाब द्यायला जाते. अधिकारी विचारतात, “ह्या मुलाचं वय काय लिहिलंत?”

“तीस असेल. की बत्तीस? थांबा हं, आठवते.”

आठवडा झाला. आम्ही तिसऱ्या मुलापर्यंत पोचलोय.