नजरेची पेटी

वालूरच्या पुढं दोन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट ऐकून त्या गावाच्या कौतुकात काही भर पडणार नाही. निजामाच्या राज्यात तिथं दोन खोल्यांची शाळा होती आणि फसली सन तेराशे सेहेचाळीसात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या सुमारास, त्या शाळेला इंग्रजीचा वर्ग मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे कागद आला. कागदाबरोबर पुस्तक, तक्ता असलं काही आलं नाही. सरकार एका वेळी एकच गोष्ट पाठवत असे. मंजुरी सालभरापुरती होती. साल संपताना शाळा तपासणारे मोहतमीम साहेब येणार, पोरांकडून इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचून घेणार, आणि वाचता आलं नाही तर वर्ग बंद.

वर्गात नऊ पोरं होती, आठ मुलगे आणि एक मनकर्णा. शिकवायला भुजंग मास्तर. इंग्रजी येत नाही म्हणून लहानपणी त्यांना सेलूच्या मोठ्या शाळेच्या पायरीवरून परत पाठवलं होतं आणि तो अपमान त्यांच्या मनातून कधी गेला नाही. पुढं मोठेपणी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सेलूपर्यंत पायी जाऊन एका पोस्टमास्तरांकडून त्यांनी ती भाषा शिकून घेतली. आपल्या नऊ पोरांना तरी त्या पायरीवरून कुणी माघारी धाडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. वर्ग बंद पडला तर नऊच्या नऊ जण कापूस वेचायला जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

सेलूला रेल्वेचे एक गोरे इंजिनियर होते. त्यांची नोकरी संपली, विलायतेला जायची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा मडमेला प्रश्न पडला की मुलांच्या लहानपणच्या पुस्तकांचं करायचं काय. न्यायला जड आणि टाकवत नाहीत. अशा वेळी माणसाला दानधर्म सुचतो. पोस्टमास्तरांनी या शाळेचं नाव सांगितलं आणि एका सकाळी बैलगाडीतून एक सागवानी पेटी शाळेच्या दारात उतरली. सोबत साहेबाच्या मुन्शीनं उर्दूत लिहिलेली चिठ्ठी होती.

पेटी उघडली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. आत दहा-बारा चित्रांची पुस्तकं, अक्षरं कोरलेले लाकडी ठोकळे आणि जाड पुठ्ठ्यावरची रंगीत चित्रं. मास्तरांना तर रडूच यायचं बाकी होतं. इतके दिवस ते नुसत्या तोंडानं इंग्रजी शिकवत होते आणि पोरं नुसत्या कानानं ती विसरत होती.

"राव, आजच पुस्तकं वाटतो पोरायला," ते म्हणाले.

राव म्हणजे दिनकरराव, शाळेचे सदर मुदर्रिस. दोन मास्तरांच्या शाळेत एक मुख्य असावाच लागतो, नाहीतर दुसऱ्याला दाबायचं कुणी? दिनकररावांनी उर्दूची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास केली होती आणि त्या जिवावर गावातले सगळे सरकारी कागद तेच वाचत. उर्दूत 'ज' म्हणून वाचावीत अशी अक्षरं पाच-सहा. दिनकररावांची सगळ्यांवर सारखीच माया होती.

"थांबा भुजंगराव," त्यांनी चिठ्ठी डोळ्यांशी नेली. "आधी कागद ऐका. 'ये सामान मदरसे के बच्चों की नजर है.' ऐकलं? नजर! पोरायच्या नजरेसाठी हाय हे. हाताचा शब्द तरी हाय का ह्याच्यात?"

"पण राव, पुस्तक हाती न घेता वाचायचं कसं?"

"कसं म्हंजे? नजरेनंच वाचत्यात की. तुमी काय हातानं वाचता?"

मास्तरांना चिठ्ठी धड वाचता येत नव्हती, आणि ज्याला कागद वाचता येतो त्याच्याशी वाद घालायची रीत त्या राज्यात नव्हती.

मग दिनकरराव कामाला लागले. त्यांनी इंग्रजीच्या खोलीत मधोमध बुटकं टेबल मांडलं, त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं, ठोकळे ओळीनं लावले आणि मधे एक पुस्तक पहिल्या पानावर उघडून ठेवलं. पान वाऱ्यानं उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन गुळगुळीत दगड. बाकीची पुस्तकं पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली जानव्याला. टेबलापासून तीन हातांवर सारवलेल्या जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. पोरांनी रेघेच्या अलीकडं बसायचं. टेबलाच्या पलीकडं मोहतमीम साहेबांसाठी खुर्ची, तीही सालभर आधीपासून. आणि हुजुरांच्या खुर्चीकडं पुस्तकाची उलटी बाजू होणं ही बेअदबी, म्हणून पुस्तक आणि ठोकळे सगळे खुर्चीकडं तोंड करून. दिनकररावांच्या बायकोला, धुरपताबाईंना, कळलं की शाळेतल्या सामानावर रोज नऊ पोरांची नजर पडणार आहे, तेव्हा त्या माऊलीनं येऊन टेबलाच्या पायाला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला.

एवढ्यावर दिनकररावांचं समाधान होईना. इंग्रजीच्या खोलीतला, खडू नसल्यानं अजून कोराच राहिलेला फळा त्यांनी स्वतःच्या वर्गात नेला. साहेबाचं एवढं सामान असताना फळा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दानाचा असा फायदा होतो. पेटी यायच्या आधी पोरांकडं फळा तरी होता.

भुजंग मास्तर खुर्चीशेजारी उभे राहत. हातात लांब तुराटी. तिचं टोक अक्षराच्या वर बोटभर अधांतरी धरायचं, कागदाला टेकवायचं नाही, अशी ताकीद. दिनकरराव दारातून अधूनमधून डोकावत आणि तुराटीखालून उजेड दिसतो का ते बघत. मास्तरांचा हात दुखून यायचा. मनातून ते रोज संतापत आणि रोज गप्प बसत, कारण रावांचा एक कागद वर गेला असता तर वर्ग साल संपायच्या आधीच बुडाला असता.

"धिस इज अ कॅट," मास्तर म्हणत.

"धिस इज अ कॅट," नऊ माना पुढं ताणून रेघेअलीकडून गजर होई.

पोरं पाटी मांडीवर घेऊन टेबलावरचं बघून लिहीत. मास्तर समोरून बघत आणि खूश होत. अक्षर कसं वळणदार, रेघ कशी जागच्या जागी! फाल्गुन लागेपर्यंत नऊही पोरं ते पान घडाघडा वाचू लागली. दगडांमुळं दुसरं पान कुणालाच माहीत नव्हतं. मांजर चटईवर बसलं इथपर्यंतच इंग्रजी भाषा आहे असा त्यांच्यातल्या सुग्रीवचा समज होता आणि एवढीशी भाषा बोलून साहेब लोकांनी अर्धं जग घेतलं कसं, याचं त्याला नवल वाटे.

मोहतमीम साहेब आले ते दुपारी, बैलांच्या धमणीतून. अंगात शेरवानी, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मऊ. दिनकररावांनी हार घातला, सरबत दिलं, खुर्चीवर बसवलं. साहेबांच्या समोर पुस्तक सरळ होतं, रावांची वर्षाची तपश्चर्या फळाला आली. साहेबांनी दगड बाजूला केले, पुस्तक उचललं आणि सुग्रीवला जवळ बोलावलं. पुस्तक उचललं तेव्हा राव दाराची चौकट धरून उभे होते, पोटच्या पोराला कुणी विहिरीवर धरल्यासारखे.

"लो बेटा, पढो."

सुग्रीवनं पुस्तक हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं पानाकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, परत पानाकडं बघितलं. तोंडातून शब्द निघेना. दुसरा आला, तोही तसाच. तिसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काल संध्याकाळपर्यंत तर ही पोरं झोपेत विचारलं तरी वाचत होती! साहेबांनी वही उघडून टाक हातात घेतला. गेला वर्ग, मास्तरांच्या मनात आलं, नऊ पोरं गेली, आणि आपल्याच हातानं गेली.

"सायेब, मी वाचू का?" मागून मनकर्णा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढं आली. तिनं पुस्तक घेतलं, क्षणभर पाहिलं, दोन्ही हातांनी गर्रकन फिरवून उलटं धरलं आणि खालच्या ओळीपासून, उजवीकडून डावीकडं बोट सरकवत, वाचायला लागली. "धिस इज अ कॅट. द कॅट इज ऑन द मॅट." एक शब्द चुकला नाही. बोट ज्या शब्दावर, तोच शब्द तोंडात.

ते बघून सुग्रीव पुढं आला, "अरं, सायबानं उलटं दिलतं व्हय!" म्हणाला, आणि पुस्तक तसंच डोक्यावर उभं धरून त्यानंही वाचलं. मग बाकीच्यांनी.

मोहतमीम साहेबांचा टाक हातातच राहिला. "ये क्या तमाशा है, मास्टर?"

मास्तरांना आता कळलं होतं, आणि कळल्याबरोबर त्यांचे कान तापले. सालभर ते सरळ बाजूला उभे होते. समोर बसलेल्या पोरांना काय दिसतं, हे एकदा, फक्त एकदा, रेघेअलीकडं मांडी घालून बघितलं असतं तर! पाट्यासुद्धा समोरून तपासल्या. पोरांची उलटी अक्षरं त्यांना सुलटी दिसली आणि वर त्यांनी शाबासकी दिली. राव उर्दूत दोनदा नापास, आणि आपण कशात पास?

"बेटी," साहेबांनी मनकर्णाला विचारलं, "अंग्रेजी नीचे से ऊपर पढते हैं, किसने कहा?"

"कुणी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "मराठी डावीकून वाचत्यात. सरकारची उर्दू उजवीकून वाचत्यात. इंग्रजी तर सरकारच्याबी वरल्या सायबाची. ती खालून वर जात आसंल, त्यात काय इचारायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हसू दाबायची ती त्यांची तऱ्हा असावी. मग त्यांनी चुन्याची रेघ, दगड, बिब्बा, सगळं एकेक करून बघितलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. दिनकरराव मोठ्या अभिमानानं पुढं झाले. "हुजूर, सालभर एका पोराचा हात लागू दिला नाही!" आणि त्यांनी चिठ्ठी काढून दिली.

साहेबांनी ती वाचली. "नज्र," ते हळूच म्हणाले. "नजर नहीं, जनाब. नज्र. भेट! बच्चों को दे दिया है उन्होंने. सिर्फ देखने के लिए नहीं रखवाया."

दिनकररावांनी एवढंच विचारलं की मग हाती दिल्यावर पुस्तकं फाटतील त्याची जबाबदारी कुणाची. साहेब म्हणाले, फाटू देत. त्यांनी वहीत वर्ग मंजूर केला आणि खाली लिहिलं की पुस्तकं मुलांच्या हातात द्यावीत. जाताना भुजंग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सेलू के बडे स्कूल के दाखिले में परचा सीधा मिलेगा, मास्टर. दो महिने हैं."

दुसऱ्या दिवशी रावांनी जानव्याची किल्ली सोडवली, ती अशी की बघणाऱ्याला वाटावं लेक सासरी चालली. पुस्तकं नऊ हातांत गेली. पोरांनी ती लगेच उलटी धरली. मास्तर एकेकाजवळ गेले आणि एकेक पुस्तक सरळ करत आले. मनकर्णापाशी पोचले तेव्हा तिनं हातातलं मांजराचं पुस्तक सोडलंच नाही.

"गुरुजी, सुलटं धरल्यावर मला कायच वळखू येईना. सगळे शब्द गेले." तिनं पुस्तक आणखी घट्ट धरलं. "मंग सालभर आमी वाचलं ते खोटंच व्हतं का?"

मास्तर खाली बसले, तिच्या शेजारी, सारवलेल्या जमिनीवर.

"न्हाई गं पोरी. तुमी वाचलं ते खरं व्हतं. एकबी अक्षर चुकलं न्हाई तुमचं. तुमाला बसवायची जागा आमी चुकलो."

मनकर्णानं पुस्तक सोडलं. मास्तरांनी ते फिरवून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्या अक्षरावर तिचं बोट टेकवलं. ती ते बोट डावीकडून उजवीकडं, ओळीमागून ओळ, पानाच्या तळापर्यंत घेऊन गेली. मग तिनं कोपऱ्याला चिमटीत धरून ते पान उलटलं.

"हळू!" दारातून दिनकरराव ओरडले. "मुडपंल!"

दुसऱ्या पानावर मांजर चटईवरून उठून कुठं तरी निघालं होतं.