खडकावरची वस्ती

“वहिनी, दोरीवर आणखी चार कपडे टाका ना. फोटोत घर भरलेलं दिसायला हवं.”

बोटीतून आलेल्या सरकारी साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावूनच ठेवला होता. ती आत गेली, कपाटातले धुतलेले कपडेच पुन्हा ओले करून आणले आणि दोरीवर पसरले. गोडं पाणी वाया गेलं म्हणून तिकडे तिचा नवरा, मिस्त्री, चरफडला. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आणि त्याचा पंप सांभाळायची नोकरी त्याची. यंत्र दिवसभर कण्हायचं, तेव्हा कुठे घरापुरतं पाणी मिळायचं.

“चूल पेटलेली दिसली तर आणखी बरं,” साहेब म्हणाले. “धूर छान येतो फोटोत.”

“गॅस आहे, साहेब. धूर हवा तर भाजी करपवावी लागेल.”

साहेब हसले. ती हसली नाही.

बेट एवढंसं, की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. पण त्यावर दोन देशांचं भांडण होतं. पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा साहेबांनी नकाशा पसरून समजावलं होतं. इथे माणसं राहू शकतात हे सिद्ध झालं, तर भोवतीच्या दोनशे मैलांतल्या मासळीवर, तळाच्या तेलावर आपला हक्क. नुसता खडक ठरला, तर बारा मैल, बस्स.

“यांचं काम पंपाचं. माझं काय?” तिनं विचारलं होतं.

“तुम्ही नुसतं राहायचं, वहिनी.”

शाळा नव्हती, म्हणून मुलीला धाकट्या बहिणीकडे ठेवलं. वर्षभराचाच प्रश्न होता. वर्ष संपलं, बदली कुटुंब आलं नाही. दर खेपेला साहेब म्हणायचे, “आत्ता नको. आंतरराष्ट्रीय कोर्टातली सुनावणी तोंडावर आलीय. बेट रिकामं दिसलं तर सगळंच मुसळ केरात.” मग मिस्त्री खाली बघायचा, आणि ती बांधलेलं सामान सोडायला घ्यायची. पोत्यांतून आणलेल्या मातीत तिनं वांगी लावली. खाऱ्या वाऱ्यानं ती जळाली. पुन्हा लावली. फोनवर मुलगी आधी रडायची. मग शाळेतलं भरभरून सांगायला लागली. मग नुसतंच “बरंय” म्हणायला लागली. साहेबांचे केस पांढरे झाले.

एका दुपारी बोट आली. या खेपेला साहेबांच्या गळ्यात कॅमेरा नव्हता. तिनं चहा केला.

“निकाल लागला,” कप हातात घेऊन म्हणाले.

“हरलो?” मिस्त्रीनं विचारलं.

“जागा आपलीच. पण बेट नाही म्हणाले. खडक. भोवतीचे बारा मैल दिले. बाकीचा समुद्र दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध रेघ मारून वाटून टाकला.”

“आणि आम्ही राहत होतो ते?” तिनं विचारलं.

“सगळं दाखवलं, वहिनी. फोटो, वांगी, सगळं. पण ते म्हणाले, माती बाहेरची, धान्य बाहेरचं, डिझेल बाहेरचं. ही आणून ठेवलेली माणसं. याला वस्ती म्हणत नाहीत.”

ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

“खरं बोलले,” शेवटी ती म्हणाली. “मला विचारलं असतं तर पहिल्याच वर्षी सांगितलं असतं.”

साहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता.

मिस्त्री उठून गेला आणि त्यानं यंत्र बंद केलं. एवढ्या वर्षांत ते बेट इतकं गप्प तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“बंद का केलंत?”

“आता कशाला चालवायचं?”

“मला अजून तहान लागते,” ती म्हणाली.

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं.

पुढच्या बोटीनं ती दोघं परतली. बहिणीच्या घरी सगळे दारात उभे होते. मुलगी वाकून पाया पडली, पाहुण्यांच्या पडावं तशी. मग लाजली. कॉलेज संपत आलं होतं तिचं. ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती. जेवताना बहिणीनंच मुलीला काय आवडतं, काय नाही ते सांगितलं, आणि हिनं ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी भाजी निवडत बसल्या होत्या. बाथरूममधून हाक आली, “आई, टॉवेल राहिला गं!”

बहीण सवयीनं उठली. दोन पावलं गेली, थबकली, आणि परत येऊन खाली बसली. तिनं खुंटीवरच्या टॉवेलकडे मानेनं खूण केली.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. टॉवेल घेऊन दाराशी गेली. फटीतून ओला हात बाहेर आला, लांब बोटांचा, मोठ्या बाईचा. तिनं टॉवेल त्या हातात दिला.

“थँक्यू, आई,” आतून आवाज आला, आणि दार लागलं.

ती तिथेच उभी राहिली, बोटांना लागलेलं पाणी न पुसता.