गडग्यापल्याड गेला की आऊट

खुट्ट!

मागच्या पडवीच्या दाराची कडी निघाली. भर दुपार होती, सगळं घर निजलं होतं. त्या शांततेत तेवढा एकच आवाज झाला आणि मी दचकलो. मग एक इवलासा हात दाराआड चाचपडत आला. त्याने माझी मूठ धरली आणि मला फरफटत थेट उन्हात नेलं.

मित्रांनो, त्या दुपारी माझा दुसरा जन्म झाला. पहिला जन्म कसा झाला, तेही सांगतो.

मी चोपणं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. वीतभर रुंद जाड फळी आणि वर हातात मावेल अशी गोल मूठ, एवढंच माझं रूप. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या सदूबाबांनी ऐनाचं लाकूड तासून मला घडवलं. दसरा झाला की घरापुढचं खळं उकरायचं, भिजवायचं आणि मग मी ते चोपायचं. असं चोपायचं की झोडणीतला भाताचा एक दाणाही मातीत हरवू नये. वर शेणाचा सारवा. शेजारच्या बायका येऊन बोट फिरवून बघत. "सदूचं खळं नाय, आरसा हाय आरसा," म्हणत. मी मनातल्या मनात फुगून जाई.

पुढे झोडणी शेतावर यंत्राने होऊ लागली. घरात लादी आली. मला दाराआड उभं केलं आणि सगळे विसरले. वाळवी पायाशी येऊन हुंगून जायची. मित्रांनो, चोपायची सवय असलेल्या जिवाला नुसतं उभं राहणं सोसत नाही. आत कुठेतरी सारखं ठणकत राहायचं. वाटायचं, कुणीतरी उचला, कशावरही आपटा, पण उचला!

मला उचललं ते सदूबाबांच्या नातीने, अक्षदाने. तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडील मुंबईला कामाला, घरात आजोबा, आई आणि ही. शेजारची पोरं खळ्यात खेळायला यायची, पण बॅट कुणाकडेच नव्हती. रंगाचा रिकामा डबा पालथा घातला, स्टंप झाले. मला धरलं, बॅट झाली. ज्या खळ्याला मी घडवलं, त्याच खळ्यावर मी खेळायला उतरलो!

सदूबाबा ओटीवर बसून अंपायर व्हायचे. कायदाही त्यांचाच. खळ्याच्या कडेने दगडांचा गडगा होता. त्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि खाली ओढ्याचा खोल व्हाळ. चेंडू तिकडे गेला की मिळेलच याचा नेम नाही, आणि नवा आणायचा तर पोलादपूर गाठायला हवं. म्हणून ठरलं, चेंडू गडग्यापल्याड गेला की आऊट. वर ज्याने मारला त्यानेच तो शोधून आणायचा.

सहा वर्षं अक्षदा त्या कायद्याखाली वाढली. मी वजनाला जड. मला वर उचलण्यापेक्षा सरळ खाली आणणं सोपं. त्यामुळे तिचा चेंडू जमिनीवरून सरपटत जायचा आणि नेमका दोन पोरांच्या मधून निसटायचा.

गेल्या दिवाळीत तिचा चुलतभाऊ ऋत्विक मुंबईहून आला. तो तिथे कोचिंगला जातो. मला पाहून तो हसत सुटला.

"अक्षू, ये क्या है यार? ह्याने कपडे धुतात ना?"

"ह्यानं जमीन चोपतात. आणि तुलाबी चोपू शकतात," अक्षदा म्हणाली. "खेळतोस का?"

पहिल्याच चेंडूवर त्याने मला गरकन फिरवलं. चेंडू गडग्यावरून उडाला.

"सिक्स!" ऋत्विकने हात वर केले.

"आऊट!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

"आऊट हायस रे," ओटीवरून सदूबाबा म्हणाले. "आणि बॉल आण जा. काटं संभाळ."

"वर्ल्डमध्ये असा रूल कुठंच नाहीये!"

"ह्ये वर्ल्ड नाय," सदूबाबा शांतपणे म्हणाले. "ह्ये आमचं खळं हाय."

ऋत्विक चेंडू घेऊन आला तेव्हा त्याचे हात ओरबाडले होते. "हे क्रिकेटच नाहीये," तो म्हणाला. "टाइमपास आहे. खऱ्या ग्राउंडवर खेळून दाखव, मग बोल."

तो गेला, पण ते शब्द मागे राहिले. अक्षदाचं जेवणात लक्ष लागेना. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. मी बॅट आहे की नाही? आम्ही सहा वर्षं जे खेळलो, ते काय होतं?

पंधरा दिवसांनी शाळेतल्या बाईंचा मेसेज आला. पोलादपूरला मुलींच्या तालुका संघाची निवड होती. अक्षदाची आई वैशाली हिने तो दोनदा वाचला. 'खेळाडूंनी आपापले साहित्य सोबत आणावे' असं त्यात होतं. म्हणून तिने मला धुतलं, पुसलं आणि नायलॉनच्या पिशवीत घातलं.

"आई, लोक हसतील गो!"

"हसू देत. साहित्य आणा म्हणालेत ना? आपलं हेच साहित्य."

मैदानावर चाकांच्या बॅगा होत्या, हेल्मेटं होती. मी पिशवीतून डोकं काढून बघत होतो. निवड करणारे राजेंद्र सर अर्ज वाचत होते.

"प्रशिक्षण कुठे घेतलं, त्यापुढे 'घरी' लिहिलंय. घरी म्हणजे?"

"घरापुढच्या खळ्यात," वैशाली म्हणाली.

"अहो, मग तिथे काही लिहायचं नसतं. रिकामं सोडायचं."

"रिकामं कसं सोडू सर? सहा वर्षं खेळतेय ती."

सर हसले. वाईट नव्हते ते, पण हसले. अक्षदाला त्यांनी खरी बॅट दिली. प्रत्येकीला सहा चेंडू मिळणार होते.

पहिला चेंडू तिने सवयीने जमिनीवरून नेला. दुसरा पुढ्यात पडला. हातात माझं ओझं नव्हतं, बॅट हलकी होती. ती वर गेली आणि चेंडू सीमेच्या दोरीवरून थेट झाडीत पडला. टाळ्या वाजल्या. अक्षदाने मान खाली घातली, बॅट काखेत मारली आणि चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"आऊट झाले ना सर," ती म्हणाली. "बॉल घेऊन येते."

सगळं मैदान खो-खो हसलं. ती झाडीत शिरली. चेंडू घेऊन परतली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी मुलगी उभी होती. मी पिशवीत तडफडत होतो. पण लाकडाला तोंड कुठलं?

तोंड वैशालीला होतं. "सर, हिचे चार बॉल राहिलेत."

"बाई, मी तिला आऊट दिलंच नव्हतं. ती आपणहून गेली."

"आमच्या खळ्यात बॉल गडग्यापल्याड गेला की आऊट. खेळाचा कायदा म्हणून गेली सर. रुसून नाही गेली."

सरांनी थोडा विचार केला आणि सर्वांत शेवटी तिला ते चार चेंडू दिले. पण आता ती बावरली होती. चारही चेंडू तिने जमिनीला चिकटवले. मग सरांनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि हातात तोलून पाहिलं.

"याने खेळतेस? तरीच मनगट एवढं घट्ट आहे." मग म्हणाले, "शेवटची यादी रविवारी. परत ये. पण उंच मारता आलं पाहिजे. चार दिवसांत ती गडग्याची भीती घालवून आण."

घरी आल्यावर सदूबाबांनी जाहीर केलं, "चार दिस कायदा बंद." तरी उपयोग होईना. चेंडू आला की अक्षदाचा हात मध्येच आखडायचा.

"आजोबा, हात वर जातच नाय!"

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या संध्याकाळी वैशाली भांडी घासता घासता उठली. ओले हात पुसले, ओढणी कमरेला खोचली. "दे इकडे. आणि टाक बॉल."

तिची बोटं माझ्या मुठीवर बसली आणि मी चकित झालो. हे हात भाकरी थापणारे खरे, पण त्यांना माझं वजन कसं उचलायचं ते ठाऊक होतं! चेंडू आला. मी वर गेलो, असा कधीच गेलो नव्हतो. चेंडू गडगा, करवंदी, व्हाळ, सगळं ओलांडून पलीकडच्या उतरणीवर दिसेनासा झाला. सदूबाबा ओटीवरून उठून उभे राहिले.

"आई!" अक्षदाचा आ वासलेलाच होता. "तू खेळायचीस?"

"माहेरी, तुडीलला. उन्हाळ्यात सावित्रीचं पाणी हटलं की पात्रात खेळायचो. भावांच्यात मीच पहिली बॅटिंगला जायचे."

"मग सोडलंस का?"

"लग्न झालं."

"लग्न झालं की आऊट, असा रूल कुठं हाय?"

वैशाली हसली, पण तिची मूठ सैल झाली नाही.

मित्रांनो, मी अडाणी लाकूड आहे. खरा खेळ कुठला, ते रविवारी सर ठरवतील. पण एक विनंती करतो. घरात कुठे दाराआड काही उभं करून ठेवलं असेल, तर ते अधूनमधून हातात घ्या. हात लागलेल्या लाकडाच्या वाटेला वाळवी जात नाही.

अक्षदा चेंडू आणायला निघाली होती. गडग्याशी पोहोचली आणि थबकली. मागे वळून तिने विचारलं,

"आई, तुला कुणी आऊट दिलं होतं, की तू आपणहूनच गेलीस?"